पावतीनंतरचे काम: छोट्या संस्थेचे देणगीदार सांभाळतानाचा अनुभव

मराठवाड्यातील ज्या संस्थेत मी काम करते ती ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या काळात मुले आमच्याकडे राहतात आणि त्यांची शाळा सुटत नाही. त्यामुळे संस्थेचा सर्वाधिक खर्च ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत होतो. देणग्या मात्र प्राप्तिकराच्या हिशेबाने मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात येतात. मधला काळ विश्वस्तांकडून हातउसने घेऊन काढावा लागे. एप्रिल २०२३ मध्ये देणगी विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा विश्वस्त मंडळाची अपेक्षा सरळ होती: नवे देणगीदार मिळवावेत. त्यानंतरच्या अडीच-तीन वर्षांत मी जे केले त्यातील बहुतेक काम जुन्या देणगीदारांशी संबंधित होते. ते कसे घडले हे येथे क्रमाने लिहीत आहे, कारण नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्या अनेकांना पहिल्या दिवसांत नेमके कोठून सुरुवात करावी हे कळत नाही.

हाती आलेले दप्तर असे होते: पावतीपुस्तके, बँकेचे खातेउतारे, एका वहीत लिहिलेले पत्ते आणि कार्यवाहांच्या भ्रमणध्वनीत साठवलेले क्रमांक. यांतील कोणतीही दोन साधने एकमेकांशी जुळत नव्हती. एकच व्यक्ती पावतीवर "श्री. व सौ." अशी, खातेउताऱ्यात आद्याक्षरांनी आणि वहीत केवळ आडनावाने आढळे. माणसे ओळखल्याशिवाय त्यांच्याशी नाते जोडता येत नाही, म्हणून पहिले काम जुळणीचे होते. ते टाळणेही शक्य नव्हते, कारण ३१ मे जवळ येत होता.

या तारखेविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ज्या संस्थेला आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली (याच कलमाने देणगीदाराला देणगीवर करवजावट मिळते) मान्यता आहे तिला आर्थिक वर्षात मिळालेल्या देणग्यांचे विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीडी, वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरावे लागते. ही पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून सुरू झाली. हे विवरणपत्र भरल्यावर पोर्टलवर प्रत्येक देणगीदाराच्या नावाचे फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र तयार होते आणि तेही संस्थेने ३१ मेपर्यंतच देणगीदाराला द्यायचे असते. देणगीदाराची वजावट याच नोंदीवर अवलंबून असते, त्यामुळे संस्थेची छापील पावती आता पुरेशी ठरत नाही. विवरणपत्रास उशीर झाल्यास दर दिवशी २०० रुपये विलंबशुल्क लागते आणि विवरणपत्र भरलेच नाही तर १०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या रकमांपेक्षाही मोठी हानी वेगळीच असते. ज्याने विश्वासाने पैसे दिले त्याला जुलैमध्ये आपले विवरणपत्र भरताना प्रमाणपत्रासाठी आपल्याला फोन करावा लागतो, आणि असा फोन करावा लागलेला माणूस पुढच्या वर्षी सहसा देणगी देत नाही.

विवरणपत्रात प्रत्येक देणगीदाराचा ओळख क्रमांक द्यावा लागतो. पॅन किंवा आधार असल्यास तोच द्यायचा असतो. दोन्ही नसल्यास पारपत्र, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका यांसारखे पर्याय आहेत. आमच्याकडे कित्येक नावांपुढे यांपैकी काहीही नव्हते. म्हणून एप्रिलच्या शेवटी मी फोन करण्यास प्रारंभ केला. या फोनची मला धास्ती होती. अनोळखी व्यक्तीने फोन करून पॅन क्रमांक विचारणे ही फसवणुकीची नेहमीची रीत असल्याने लोक सावध होतील असे वाटत होते, आणि ते सावध झालेही. त्यावर एक उपाय उपयोगी पडला. मी फोनवर पॅन विचारतच नसे. देणगीची तारीख, रक्कम आणि पावती क्रमांक स्वतःहून सांगून संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र पाठवत असल्याचे कळवी आणि उत्तर त्याच पत्राला द्यावे अशी विनंती करी. ज्यांना ईमेल सोयीचा नव्हता त्यांना संस्थेच्या शीर्षपत्रावर टपालाने पत्र गेले. व्हॉट्सॲपच्या गटात पॅन मागवण्याची सूचना एका विश्वस्तांनी केली होती. ती आम्ही मान्य केली नाही, कारण एकाची माहिती इतर सर्वांना दिसणे योग्य नव्हते.

या फोनमधून जे ऐकायला मिळाले त्याने पुढच्या कामाची दिशा ठरली. निवृत्त शिक्षक असलेल्या एका देणगीदारांनी मला सांगितले, "ताई, मी सहा वर्षं पैसे पाठवतोय. संस्थेतून फोन येतो तो फेब्रुवारीतच. तुमचा मेमध्ये आला म्हणून मी आधी घाबरलो." मी त्यांना प्रमाणपत्रासाठी फोन केल्याचे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्या गावातूनही टोळ्या जात असत आणि वर्गातील अर्धी बाके दिवाळीनंतर रिकामी होत असत. त्यांच्या देणगीमागचे हे कारण संस्थेत कोणालाही माहीत नव्हते, कारण ते कधी विचारलेच गेले नव्हते. अशी कारणे बहुतेक प्रत्येकाकडे होती.

जुळणीच्या या टप्प्यात तीन गुंते वारंवार समोर आले. पहिला स्मृतिप्रीत्यर्थ देणगीचा. मुलगा किंवा मुलगी पैसे देते आणि पावती दिवंगत वडिलांच्या नावे मागते. प्रमाणपत्र मात्र ज्याच्या खात्यातून पैसे आले आणि ज्याचा पॅन आहे त्याच्याच नावे निघू शकते. हे नियम म्हणून सांगितले तर समोरच्याला दुखावल्यासारखे होते. आम्ही दोन स्वतंत्र कागद देण्याची पद्धत सुरू केली: पावती व प्रमाणपत्र देणाऱ्याच्या नावे, आणि "कै. … यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही देणगी कृतज्ञतापूर्वक स्वीकारली" असे अध्यक्षांच्या सहीचे पत्र वडिलांच्या नावे. पत्रात नाव, उपाधी आणि पुण्यतिथीची तारीख अचूक असणे फार महत्त्वाचे असते, म्हणून पत्र छापण्यापूर्वी मजकूर कुटुंबाला वाचून दाखवावा. दुसरा गुंता सामूहिक देणगीचा. शाळेतील जुने सोबती वर्गणी काढतात आणि त्यांच्यातील एकजण पूर्ण रक्कम स्वतःच्या खात्यातून पाठवतो, त्यामुळे नोंदीत ती त्याचीच देणगी दिसते आणि इतरांना प्रमाणपत्र देता येत नाही. यासाठी पैसे येण्यापूर्वीच प्रत्येकाने आपली रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरावी असे सांगणे हाच सोपा मार्ग आहे.

तिसरा गुंता यूपीआयचा, आणि तो सर्वांत चिवट आहे. क्यूआर फलकावरून आलेल्या रकमेपुढे खातेउताऱ्यात नावाचा तुकडा आणि व्यवहाराचा क्रमांक एवढेच असते. देणगीदार आपल्याला ओळखतो, आपण त्याला ओळखत नाही. त्यात कायद्याचाही प्रश्न आहे. ज्यांची नावे व पत्ते संस्थेकडे नोंदलेले नाहीत अशा देणग्या निनावी समजल्या जातात, आणि त्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्या पलीकडे गेल्यास वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. आम्ही फलक नव्याने छापून घेतला आणि त्यावर क्यूआरच्या खाली, त्याच्याइतक्याच ठळकपणे, "देणगीनंतर आपले नाव व पत्ता या क्रमांकावर अवश्य कळवावा, आभारपत्र व पावती पाठवू" असे लिहिले. त्यानंतर नावे कळवणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले.

विवरणपत्र भरण्याची प्रक्रिया त्यामानाने लवकर उरकली. पोर्टलवरून उतरवलेल्या साच्यात माहिती भरावी लागते आणि त्यातील स्तंभांचा क्रम बदलू नये, अन्यथा फाइल स्वीकारली जात नाही. प्रत्येक ओळीत संस्थेच्या ८०जी आदेशावरील नोंदणी क्रमांक व दिनांक, देणगीचा प्रकार आणि ती कशी मिळाली हे लिहायचे असते. विश्वस्तांची डिजिटल स्वाक्षरी वैध आहे की नाही हे एप्रिलमध्येच पाहून ठेवावे. आमची संपत आली होती आणि नव्या दोन वर्षांच्या स्वाक्षरीसाठी दीड-दोन हजार रुपये व काही दिवसांची प्रतीक्षा लागली. विवरणपत्र सादर केल्यावर प्रमाणपत्रे लगेच मिळत नाहीत, ती उतरवून घेण्यासाठी २४ तास थांबावे लागते. एखाद्या नावात अथवा रकमेत दुरुस्ती हवी असल्यास सुधारित विवरणपत्र भरता येते, ही माहिती पहिल्यांदा काम करणाऱ्याला मोठा धीर देते.

प्रमाणपत्रे मेअखेरीस गेली. त्यांच्यासोबत चार ओळींचे पत्र होते आणि त्यात कोणतेही आवाहन नव्हते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटले नव्हते. "पत्र जातंच आहे तर खाली खाते क्रमांक टाकायला काय हरकत आहे?" असे ते म्हणाले. मला मात्र ठामपणे वाटत होते, आजही वाटते, की जी गोष्ट देणे आपल्यावर बंधनकारक आहे ती देताना हात पुढे करू नये. जूनमध्ये उत्तरे येऊ लागली. बहुतेकांनी केवळ "मिळाले, धन्यवाद" एवढेच लिहिले, पण त्यांपैकी कित्येकजण संस्थेच्या पत्राला प्रथमच उत्तर देत होते.

जुलैच्या विश्वस्त बैठकीत या कामाचा आढावा झाला आणि तेव्हा अपेक्षित असा प्रश्न निघाला: एवढे कष्ट लहान देणग्यांसाठी का घ्यायचे, एखादा मोठा दाता का शोधू नये? बोलण्याच्या ओघात महर्षी कर्वे आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांचे उदाहरण पुढे आले. त्यावर आमच्या सर्वांत वयोवृद्ध विश्वस्तांनी लक्षात आणून दिले की कर्व्यांनी महिला विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू केले आणि ठाकरसींची १५ लाख रुपयांची देणगी १९२० मध्ये जाहीर झाली. म्हणजे ती मिळाली तेव्हा विद्यापीठ चालू होते आणि त्यामागे कर्व्यांनी गावोगाव फिरून मिळवलेल्या वर्गणीची अनेक वर्षे होती. बैठकीत यावर एकमत झाले असे म्हणता येणार नाही. तथापि वर्षभर याच दिशेने काम करून पाहण्यास मंडळाने अनुमती दिली.

पावसाळ्याचे महिने मी नोंदवही तयार करण्यात घालवले. त्यासाठी स्वतंत्र संगणकप्रणाली विकत घेण्याचा विचार झाला होता, परंतु आमच्या आकाराच्या संस्थेला साधा तक्ता पुरतो असे ठरले. नाव, पत्ता आणि रकमा यांच्यापलीकडे त्यात काय लिहावे हा खरा प्रश्न होता. मी पुढील गोष्टी लिहिल्या: देणगीदाराची संस्थेशी ओळख कोणामुळे झाली, ते कशासाठी देतात, त्यांना पत्र हवे की फोन, फोन कोणत्या वेळी करू नये, आणि शेवटच्या बोलण्यात आपण त्यांना कोणते आश्वासन दिले. शेवटची नोंद सर्वांत उपयोगी ठरली. "अहवाल पाठवतो", "पुढच्या महिन्यात कळवतो" अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो आणि ऐकणारा ती लक्षात ठेवतो. आजार, घरातील वाद, आर्थिक ओढाताण असे जे काही विश्वासाने सांगितले गेले ते मात्र मी कधीही लिहिले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला, तेव्हा आम्ही हा तक्ता कोणी पाहावा हेही लेखी ठरवले आणि ज्यांनी "मला पत्रे नकोत" असे कळवले त्यांची इच्छा त्याच दिवशी नोंदवण्याचा नियम केला.

सप्टेंबरमध्ये पहिले वृत्तपत्रक निघाले आणि त्यावरून संस्थेत सर्वाधिक चर्चा झाली. आदल्या मार्चमध्ये काही देणगीदारांनी मुलांच्या अंघोळीच्या पाण्यासाठी सौर यंत्रणा बसवण्याकरिता पैसे दिले होते. छताची दुरुस्ती आधी करणे भाग असल्याने काम रखडले होते आणि रक्कम बँकेत पडून होती. पत्रकात हे लिहावे की काम पूर्ण झाल्यावरच सांगावे, यावर दोन मते होती. विशिष्ट कामासाठी दिलेली रक्कम देणाऱ्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे वळवता येणार नाही याबद्दल दुमत नव्हते, संकोच होता तो विलंब कबूल करण्याचा. अखेर आम्ही त्या देणगीदारांना स्वतंत्र पत्र पाठवले. रक्कम कोठे आहे, काम का थांबले आहे आणि ते केव्हा होण्याची शक्यता आहे, हे त्यात स्पष्ट लिहिले. ज्यांना आपली रक्कम अन्य कामाकडे वळवायची असेल त्यांनी तसे लेखी कळवावे असेही सुचवले. कोणीही रक्कम वळवली नाही. उलट बांधकाम क्षेत्रातील एका देणगीदारांनी फोन करून छताच्या गळतीबद्दल नेमके प्रश्न विचारले आणि स्वतः येऊन पाहणी केली. पैशांपलीकडे देणगीदारांकडे ज्ञान असते, ओळखी असतात, वेळ असतो. अडचण सांगितली तरच ते वापरण्याची संधी त्यांना मिळते.

मुलांच्या छायाचित्रांचा प्रश्नही याच काळात सोडवावा लागला. एका उदार देणगीदारांना आपल्या पैशांवर शिकणाऱ्या "आपल्या" मुलीचे नाव, छायाचित्र आणि तिच्याशी फोनवर बोलण्याची सोय हवी होती. त्यांचा हेतू अत्यंत प्रेमळ होता. परंतु काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे, आणि आमच्या वसतिगृहातील सर्वच मुलांना आम्ही हाच नियम लावतो. मी त्यांना सांगितले, "काका, तिला कोणाच्या उपकारांची जाणीव ठेवून अभ्यास करावा लागू नये, असं आम्हांला वाटतं. तुम्ही वसतिगृहात या, सगळ्या मुलांशी बोला." ते काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी कोणत्या रविवारी यावे असे विचारले. येथे एक सूचना करावीशी वाटते: नकार देताना कायद्याचा आधार अवश्य सांगावा, पण केवळ त्यावर थांबू नये, ज्या मूल्यासाठी नियम आहे ते सांगितल्यास देणगीदार त्या मूल्यात सहभागी होतो.

जानेवारी २०२४ पासून मार्चअखेरचे फोन सुरू झाले आणि त्यांत नवा विषय होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली ही मूळ पर्याय, म्हणजे वेगळी निवड न केल्यास आपोआप लागू होणारी, झाली आहे आणि तिच्यात ८०जी ची वजावट मिळत नाही. अनेक पगारदार देणगीदारांना हे ठाऊक नव्हते. त्यांना ते आपणहून सांगावे का, हा संस्थेपुढचा अवघड प्रश्न होता, कारण सांगितल्यास काहींची देणगी थांबणार हे उघड होते. आम्ही सांगायचे ठरवले. वजावट म्हणजे नेमके काय याविषयीही पुष्कळ गैरसमज आढळले. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५० टक्के, तीही एकूण उत्पन्नाशी निगडित मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या व्यक्तीने १०,००० रुपये दिल्यास ५,००० रुपये उत्पन्नातून कमी होतात आणि कर सुमारे १,००० रुपयांनी वाचतो. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला किंवा धान्य, कपडे, पुस्तके अशा वस्तुरूप मदतीला ही सवलत मिळत नाही. हे सर्व एका पानावर छापून आम्ही फेब्रुवारीत पाठवले. काहीजणांनी त्यानंतर देणगी बंद केली, काहींनी कमी केली. मोठा भाग तसाच राहिला आणि त्यांच्याशी बोलताना मला प्रथमच खात्री वाटली की ही माणसे करबचतीसाठी आमच्याकडे आलेली नव्हती.

या खात्रीच्या बळावरच मासिक देणगीचा प्रस्ताव मांडता आला. वर्षाला एकदा ६,००० रुपये देणाऱ्याने दरमहा ५०० दिले तर त्याच्या दृष्टीने रक्कम तीच राहते, संस्थेला मात्र नोव्हेंबरमध्ये किराणा भरताना उसने घ्यावे लागत नाही. पत्रात आम्ही खर्चाचा महिनावार आलेख दिला आणि देणग्यांचा आलेख त्याच्या शेजारी ठेवला. वेगळे समजावण्याची फारशी गरज पडली नाही. व्यवस्थेच्या पातळीवर मात्र अडचणी आहेत. कार्डावरून आवर्ती रक्कम वळती करण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, आणि कार्ड बदलले की जुनी संमती निरुपयोगी होते. ऑनलाइन सेवेचे शुल्क साधारण २ टक्के व त्यावर वस्तू-सेवा कर असे पडते. निवृत्त देणगीदारांना आपल्या बँकेत स्थायी सूचना (दरमहा ठरलेली रक्कम आपोआप वळती करण्याची) देणे अधिक सोयीचे वाटले, आणि त्यासाठी लागणारा अर्ज आम्ही त्यांना भरून देऊ लागलो. हप्ता चुकल्यास लगेच स्मरणपत्र पाठवू नये. मी फोन करून आधी प्रकृतीची चौकशी करते. बहुतेक वेळा कार्ड बदललेले असते, क्वचित खरोखरच अडचण असते, आणि तेव्हा "काही महिने थांबवूया" हे आपणच म्हटल्याने समोरच्याचा संकोच दूर होतो.

परदेशातून येणाऱ्या मदतीबाबत एकदा मोठी रक्कम नाकारावी लागली. एका देणगीदारांचे अमेरिकेत स्थायिक झालेले पुतणे संस्थेला पैसे पाठवू इच्छित होते आणि त्यांनी तेथील नागरिकत्व घेतलेले होते. परकीय नागरिकाची देणगी परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय स्वीकारता येत नाही. आमची ती नोंदणी नव्हती. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असणे आणि तिने मागील तीन आर्थिक वर्षांत आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असणे आवश्यक असते. भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम मात्र परकीय योगदान ठरत नाही. अशा वेळी पारपत्राची प्रत दप्तरी ठेवावी. पुतण्यांना हे सविस्तर लिहून कळवले. त्यांना प्रथम आश्चर्य वाटले, पण संस्था नियम पाळते हे पाहून त्यांच्या काकांचा आमच्यावरील विश्वास वाढला असे काकांनीच नंतर सांगितले.

मे २०२४ चे विवरणपत्र फारशा धावपळीशिवाय गेले, कारण पॅन व पत्ते वर्षभर देणगी येतानाच नोंदले जात होते. त्या वर्षी तक्त्यातील एका ज्येष्ठ देणगीदार बाईंचे निधन झाल्याचे आम्हांला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळले. त्यांच्या नावे पुढे जाणारी सर्व पत्रे त्याच दिवशी थांबवली आणि कुटुंबाला अध्यक्षांनी सांत्वनपर पत्र लिहिले. त्यात बाईंनी वसतिगृहाच्या वाचनालयासाठी काय काय केले याचा तपशील होता, जो घरच्यांनाही पूर्ण माहीत नव्हता. त्या घरातून पुढे देणगी आली नाही आणि आम्ही विचारलेही नाही. देणगीदाराचे निधन ही संस्थेसाठीही दुःखाची गोष्ट असते, आणि तिच्याकडे "वारसांशी संपर्क" अशा नजरेने पाहण्याची सूचना कोणी केली तर ती मी आजही नाकारीन. ज्यांनी हयातीतच कायम ठेवीसाठी रक्कम देण्याची इच्छा दाखवली त्यांच्याकडून मात्र ही रक्कम मूळ निधीत ठेवावी असे स्पष्ट लेखी पत्र घ्यावे लागते; त्या पत्राशिवाय ती चालू वर्षाचे उत्पन्न समजली जाते.

या सर्व कामाची परीक्षा २०२५ मध्ये झाली. २०२१ च्या फेरनोंदणीत मिळालेली आमची मान्यता ३१ मार्च २०२६ रोजी संपणार होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज किमान सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, फॉर्म १०एबी मध्ये करणे आवश्यक होते. शासनाचे यासाठी शुल्क नाही, पण सनदी लेखापालांचे शुल्क अंदाजपत्रकात धरून ठेवावे. आम्ही ऑगस्टमध्ये अर्ज केला. नोंदणी (जिच्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसूट मिळते) आणि ८०जी ची मान्यता यांचे दोन वेगळे अर्ज आहेत. ५ कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांना वित्त अधिनियम २०२५ मुळे नोंदणी आता दहा वर्षांसाठी मिळू शकते, ८०जी ची मुदत मात्र पाच वर्षेच आहे, त्यामुळे दोन्हींच्या समाप्तीच्या तारखा स्वतंत्रपणे लिहून ठेवाव्यात.

काही आठवड्यांनी पुण्याच्या आयकर आयुक्त (सूट) कार्यालयाकडून पोर्टलवर नोटीस आली. न्यासपत्र, धर्मादाय आयुक्तांकडील परिशिष्ट (विश्वस्त व मालमत्ता यांच्या नोंदीचा उतारा), तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कामाचा छायाचित्रांसह अहवाल आणि देणगीदारांची पॅन व पत्त्यांसह यादी मागवली होती. "नोटीस" या शब्दाने कार्यालयात सगळेच अस्वस्थ झाले, परंतु अशी विचारणा नेहमीची असते आणि दिलेल्या मुदतीत पोर्टलवरच उत्तर द्यायचे असते. मुदत कमी वाटल्यास ती संपण्यापूर्वी वाढ मागता येते. दोन वर्षांपूर्वी जी यादी जुळवताना एप्रिल-मे संपला होता ती या वेळी त्याच दुपारी तयार झाली. सौर यंत्रणेच्या देणग्या, त्यांची पत्रे आणि झालेल्या कामाची देयके एकाच फाइलमध्ये असल्याने त्याविषयीच्या प्रश्नालाही पूर्ण उत्तर देता आले.

ज्या तिमाहीत अर्ज केला ती संपल्यापासून सहा महिन्यांत आदेश होणे अपेक्षित असते. तो हाती येईपर्यंतचा काळ मला जड गेला, कारण मान्यता खंडित झाली असती तर मासिक देणगीदारांना ते सांगण्याची जबाबदारी माझी होती. म्हणून डिसेंबरच्या वृत्तपत्रकातच अर्जाची स्थिती आम्ही लिहिली होती. २०२६ च्या सुरुवातीस आदेश आला आणि त्याची प्रत सर्व देणगीदारांना पाठवली. आपल्याकडेही असे नूतनीकरण झाले असेल तर १ एप्रिल २०२६ पासूनच्या पावत्यांवर नव्या आदेशातील क्रमांक व दिनांक छापून घ्यावेत आणि उरलेली जुनी पावतीपुस्तके रद्द केल्याची नोंद सभावृत्तांतात करावी. त्याच तारखेपासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांची मांडणी बदलली आहे. वर दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत, तेव्हा पुढचे विवरणपत्र भरण्यापूर्वी नवे क्रमांक आपल्या लेखापालांकडून तपासून घ्यावेत.